कचऱ्यातून वीज... व्हाया द्वारका!

होस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येकाला द्वारका माहीत आहे. गुजरातमधली नव्हे, आपली! सुट्टीवरून परत येताना नाशिक रोड स्टेशनवर उतरलं की रिक्षा जिथे हमखास अडकते ती द्वारका. "पाच मिनिटांत पोचतोय रे, माझं ताट वाढून ठेव" असा फोन जिथून केला जातो आणि पुढची वीस मिनिटं जिथेच जातात ती द्वारका. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता इथे एकमेकांना भेटतात, सारडा सर्कलकडून जुन्या नाशकातली गर्दी येऊन त्यात मिसळते. २०१३ मध्ये डोक्यावरून उड्डाणपूल गेला, पण खालची गर्दी खालीच राहिली. कारण उड्डाणपुलावरून कोण जातो? ज्याला नाशिकमध्ये थांबायचं नाही तो. आपल्याला तर इथेच थांबायचं असतं.

या लेखाची सुरुवातही द्वारकेलाच झाली आणि ती काही फार शोभेची नाही. पावसाळ्याचे दिवस होते. मी आणि माझा रूम पार्टनर (नाव छापलंस तर तुझी सबमिशनची फाईल जाळीन, अशी धमकी आहे, म्हणून नाव नाही) त्याच्या बाईकवरून मुंबई नाक्याकडून येत होतो. वळणावर रस्त्यावर काहीतरी काळपट सांडलेलं होतं. आम्हाला वाटलं पावसाचं पाणी. पुढचं चाक त्यावर गेलं आणि बाईक एकीकडे, आम्ही दुसरीकडे. मागून येणाऱ्या रिक्षावाल्या काकांनी ब्रेक मारला म्हणून हा लेख लिहायला मी आहे. मला खरचटण्यावर निभावलं, त्याचं कॉलरबोन गेलं. पूर्ण सेमिस्टर त्याने गळ्यात हात बांधून काढलं आणि माझी जीन्स तीनदा धुऊनही तिचा वास गेला नाही.

त्या वासावरून कळलं की ते पाणी नव्हतं. ते कचऱ्याच्या गाडीतून गळलेलं होतं. कुठली गाडी, कोणाची, काही माहीत नाही. ती तोवर निघून गेली होती. एन्व्हायर्न्मेंटलच्या पुस्तकात या द्रवाला लीचेट म्हणतात. आमचे सर त्याला 'कचऱ्याचा काढा' म्हणतात आणि तेच नाव जास्त बरोबर वाटतं. भाजीपाला, शिळं अन्न, फळांच्या साली दाबून भरल्या की त्यातून हा काढा निथळतो. थोडा तेलकट, थोडा चिकट. डांबरी रस्त्यावर पाऊस आणि हा काढा एकत्र आले की दुचाकीचं काय होतं ते वर सांगितलंच.

योगायोग असा, की त्याच सेमिस्टरला ट्रान्सपोर्टेशनच्या सरांनी सेमिनारचे विषय वाटले आणि माझ्या वाट्याला आला: 'कचऱ्यापासून ऊर्जा प्रकल्प प्रस्तावित असेल तर जवळच्या रस्त्यांवरील वाहतुकीवर होणारा परिणाम'. वर्गात हशा पिकला. मी म्हटलं, सर, अशा प्रकल्पाबद्दल लोक वासाची तक्रार करतात, धुराची करतात, ट्रॅफिकचा काय संबंध? सर म्हणाले, कचरा काय पायी चालत येणार आहे का?

खरंच, कचरा पायी येत नाही. आणि इथेच सगळी गोष्ट सुरू होते.

आधी आपल्या गावाचं बघू. नाशिकमध्ये असा प्रकल्प आहे. पाथर्डी-विल्होळी शिवारात महापालिकेचा खत प्रकल्प आहे, तिथेच जर्मनीच्या जीआयझी या संस्थेच्या मदतीने २०१७ मध्ये कचऱ्यापासून वीज तयार करण्याचा प्रकल्प सुरू झाला. क्षमता दिवसाला ३० टन. पांडवलेणी बघायला गेलेल्यांनी पाथर्डी फाटा पाहिलाच असेल, त्याच बाजूला. बॉयलर, चिमणी, आगीचा लोळ असलं काही डोळ्यांसमोर आणू नका. हा गोबरगॅसचा मोठा भाऊ आहे. हॉटेलांमधला ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांचा मैला एकत्र करून बंद टाकीत कुजवायचा, निघालेला मिथेन इंजिनात जाळायचा आणि वीज करायची. रोज सुमारे ३,३०० युनिट, असा आराखडा होता.

जाळायचा का नाही? कारण आपला कचरा ओला. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये ३०० टनांचा कचरा जाळायचा प्रकल्प उभारला होता, तो जेमतेम काही दिवस चालला. कचऱ्यात उष्मांकच नव्हता, ओली लाकडं चुलीत घातल्यासारखं झालं. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांनी रेघ आखून दिली: किलोला १,५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्मांकाचा, पुन्हा वापरात न येणारा कचरा डेपोवर गाडायचा नाही, त्याची ऊर्जा करायची. म्हणजे सुका कचरा जाळायला, ओला कुजवायला. पिंपरी-चिंचवडचा मोशीचा प्रकल्प जाळणारा आहे. १ ऑगस्ट २०२३ ला त्याचं उद्घाटन झालं आणि वर्षाला सुमारे अडीच लाख टन कचरा त्यात जायचा असं तेव्हा जाहीर झालं. भागून बघा, दिवसाला जवळपास ६८५ टन.

आता ट्रॅफिक. अशा कुठल्याही प्रकल्पाच्या अहवालात वाहतुकीचं एक प्रकरण असतं आणि ते साधारण एकाच साच्यातलं असतं. आत्ता रस्त्यावर किती गाड्या आहेत ते मोजा, प्रकल्पामुळे किती वाढतील ते काढा, बेरीज करा, रस्त्याच्या क्षमतेशी तुलना करा आणि शेवटी लिहा: 'परिणाम नगण्य'. मीही माझ्या सेमिनारचा पहिला ड्राफ्ट असाच केला होता. बघा कसा ते.

गाड्या मोजायचं माप म्हणजे पीसीयू, अर्थात एका मोटारीएवढी जागा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या १०६ नंबरच्या पुस्तिकेत (आयआरसी १०६, परीक्षेला हमखास!) मोटार म्हणजे १, छोटा मालवाहू टेम्पो १.४, ट्रक किंवा बस २.२ असे आकडे आहेत. रस्त्यावर त्यांचं प्रमाण वाढलं की टेम्पोचा आकडा २ आणि ट्रकचा ३.७ होतो. त्याच पुस्तिकेत क्षमताही आहे. मुख्य रस्ता, चार पदरी, मध्ये दुभाजक, असेल तर ताशी ३,६०० पीसीयू. गल्लीतून मुख्य रस्त्याला जोडणारा दोन पदरी रस्ता असेल तर ९००.

पाथर्डीच्या ३० टनांत ढोबळमानाने निम्मा हॉटेलचा कचरा आणि निम्मा मैला धरला. कचऱ्याच्या छोट्या गाडीत एक टन, टँकरमध्ये पाच टन. म्हणजे १५ अधिक ३, एकूण १८ खेपा. येणं-जाणं धरून ३६ फेऱ्या. नऊ तासांत वाटल्या तर ताशी चार. प्रत्येकीला २ पीसीयू दिले तरी ताशी आठ. सगळ्याच्या सगळ्या द्वारकेवरून गेल्या असं समजलं (तशा त्या जात नाहीत, नाशिक रोडच्या गाडीला वडाळा-पाथर्डी रस्ता आहे) तरी ३,६०० मध्ये आठ! पाव टक्कासुद्धा नाही. मी खुशीत 'परिणाम नगण्य' असं टाईप केलं आणि चहा प्यायला गेलो.

ड्राफ्ट परत आला तेव्हा समासात लाल पेनाने दोनच शब्द होते: "किती वाजता?"

मित्रांनो, या दोन शब्दांनी माझे पुढचे तीन आठवडे खाल्ले.

नाशिककरांना घंटागाडी वेगळी सांगायला नको. तिच्या पाठोपाठ चार दिवस फिरून बघा. सगळ्या गाड्या सकाळी साधारण एकाच वेळी निघतात, कारण लोक सकाळीच घरी असतात. सगळ्या साधारण एकाच वेळी भरतात. आणि म्हणून सगळ्या साधारण एकाच वेळी डेपोकडे निघतात, नेमक्या त्याच वेळी जेव्हा शाळा, ऑफिस, कंपन्यांच्या बस आणि आपण (पहिलं लेक्चर बुडवून दुसऱ्याला निघालेलो) रस्त्यावर असतो. कचऱ्याच्या गाड्या नऊ तासांत समान वाटणं हे फक्त कागदावर होतं.

मग मी पाथर्डीचा प्रकल्प बाजूला ठेवला आणि एक कल्पनेतला प्रकल्प घेतला, ३०० टनांचा. हा कुठे प्रस्तावित आहे असं नव्हे, फक्त गणितासाठी. तिथे कचरा थेट छोट्या गाड्यांतून, एक-एक टनाने न्यायचा. ३०० खेपा. त्यातल्या ३० टक्के सकाळच्या एकाच तासात आल्या असं धरू. म्हणजे ९० गाड्या आत, ९० बाहेर, १८० फेऱ्या. गुणिले १.४, एकूण २५२ पीसीयू. प्रकल्पाच्या दाराशी असतो तो रस्ता बहुतेक वेळा गावातला दोन पदरी, क्षमता ९००. त्याचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग, २८ टक्के, एकटा कचरा खाऊन टाकतो! पाव टक्क्यावरून २८ टक्क्यांवर. टनेज दसपट झालं, परिणाम शंभरपट.

पण मला द्वारका सोडवत नव्हती. समजा शहराच्या एक तृतीयांश भागाचा कचरा द्वारकेवरून जातो. २५२ चा तिसरा हिस्सा ८४. चार पदरी हात, ३,६०० क्षमता. ८४ म्हणजे २.३ टक्के. पुन्हा नगण्य?

इथे मेसची रांग मदतीला येते. आपली मेस आठवा. एक वाढपी काका, मिनिटाला अमुक ताटं वाढणार. मुलं कमी येत असतील तर रांग नसते. काकांच्या क्षमतेच्या ८० टक्के मुलं येत असतील तर ऑपरेशन्स रिसर्चच्या सोप्या सूत्राने रांगेत सरासरी चार जण असतात. ९० टक्के झाली की नऊ. ९५ टक्के झाली की एकोणीस! सूत्र साधं आहे: जेवढा भार, भागिले जेवढी मोकळी जागा उरली. ०.९ भागिले ०.१ म्हणजे ९, ०.९५ भागिले ०.०५ म्हणजे १९. सिग्नलचा चौक हा अगदी असाच वागतो असं नाही, तिथली सूत्रं लांबलचक आहेत, पण वक्राचा आकार हाच. सुरुवातीला सपाट आणि शेवटी एकदम भिंत.

आता ते २.३ टक्के या वक्रावर ठेवा. रविवारी दुपारी द्वारकेला ६० टक्के भार असेल तर ते कोणाला कळणारही नाहीत. ९० टक्के भार असताना आले तर ९ ची रांग १२ होते. ९५ टक्के असताना आले तर ९७.३ होतात आणि रांग १९ वरून ३६! म्हणजे तीच गाडी, तोच कचरा, तोच चौक, आणि घड्याळाचा काटा बदलला की 'नगण्य'चं 'दुप्पट' होतं. अहवालातला टक्का बरोबर असतो, त्यावरून काढलेलं अनुमान चूक असतं. हे मला कळलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी पार्टनरला उठवून सांगितलं. त्याने एका हाताने उशी फेकून मारली. (दुसरा हात गळ्यात होता.)

यावर सरळ उपाय दिसतो तो म्हणजे मोठ्या गाड्या. घंटागाड्यांनी जवळच्या केंद्रावर कचरा द्यायचा, तिथे तो दाबून कॉम्पॅक्टरमध्ये भरायचा आणि कॉम्पॅक्टरने डेपोवर न्यायचा. एका कॉम्पॅक्टरमध्ये सात टन धरले तर ३०० टनांना ४३ खेपा. त्याच सकाळच्या तासात १३ आत, १३ बाहेर, २६ फेऱ्या, गुणिले २.२, म्हणजे ५७ पीसीयू. द्वारकेच्या वाट्याला १९. म्हणजे अर्धा टक्का, आणि १९ ची रांग २१ वर थांबते. वा! मी सेमिनारमध्ये हा तक्ता दाखवला तेव्हा पहिल्या बाकावरून टाळ्यासुद्धा आल्या.

सरांनी मात्र विचारलं, "आणि रस्ता?"

१९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ एक मोठा प्रयोग झाला, आशो रोड टेस्ट. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांच्या कड्यांवर लष्कराचे जवान ट्रक फिरवत राहिले, रस्ते फुटेपर्यंत. त्यातून निघालेलं अनुमान सगळ्या सिव्हिलवाल्यांना पाठ असतं: रस्त्याचं नुकसान आसावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. आपल्याकडे प्रमाण आस ८.१६ टनांचा. घंटागाडीच्या मागच्या आसावर दोन टन धरा. २ भागिले ८.१६, चौथा घात, उत्तर ०.००३६. रस्त्याला ती आल्याचं कळतही नाही. भरलेल्या कॉम्पॅक्टरचा मागचा आस १०.२ टन धरा, उत्तर २.४. आपल्या देशात २०१८ मध्ये या आसाची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन झाली. तिथपर्यंत भरला, म्हणजे कायद्यात राहूनही, उत्तर जवळजवळ ४ येतं.

२.४ ला ०.००३६ ने भागा. एक कॉम्पॅक्टर आस म्हणजे साडेसहाशेपेक्षा जास्त घंटागाडी आस! तो सात गाड्यांचा कचरा नेतो हे वजा केलं तरी टनामागे जवळपास शंभरपट झीज. द्वारकेच्या महामार्गाला हे सोसेल, तो ट्रकांसाठीच बांधलाय. पण प्रकल्पाच्या दाराशी असलेला गावचा रस्ता? त्यावर कधीकाळी कांद्याच्या ट्रॅक्टरशिवाय जड काही गेलेलं नसतं. पहिल्या पावसाळ्यात त्याची चाळण होते. मग खड्डे चुकवत गाड्या हळू जातात, हळू गेल्या की क्षमता घटते, आणि खड्ड्यात आदळल्या की काढा सांडतो. आणि पावसाळ्यात कचरा पाणी पिऊन आणखी जड झालेला असतो, हे निराळंच.

म्हणजे छोट्या गाड्या चौकाला मारतात आणि मोठ्या गाड्या रस्त्याला. दोन्हीतून सुटका हवी तर जोडरस्ता जाड करण्याचा खर्च प्रकल्पाच्या खर्चातच धरला पाहिजे, आणि तो प्रकल्प सुरू व्हायच्या आधी झाला पाहिजे. माझ्या मते कुठल्याही अशा प्रस्तावात पहिल्यांदा उघडून बघायचं पान हे आहे. चिमणीची उंची नंतर बघा.

आणखी एक गोष्ट जी कुठल्या सूत्रात नाही, ती वजनकाट्याची. प्रकल्पात येणारी प्रत्येक गाडी आधी काट्यावर चढते, कारण पैसे टनावर मिळतात. नंबर लिहा, वजन घ्या, पावती फाडा, दोन मिनिटं तरी जातात. म्हणजे एक काटा तासाला ३० गाड्या. आणि वरच्या हिशोबाने सकाळच्या तासात येणार ९०! साठ गाड्या बाहेर उभ्या. प्रत्येकीला सहा मीटर धरले तर ३६० मीटर लांब रांग, कचऱ्याने भरलेली, काढा गाळत, एखाद्या शाळेसमोर किंवा देवळासमोर. चौकात ट्रॅफिक मोजणाऱ्याला ही रांग दिसतच नाही, कारण उभ्या गाड्या त्याच्या तक्त्यात येत नाहीत. दुसरा काटा बसवला किंवा दाराच्या आत रांगेला जागा ठेवली तर प्रश्न सुटतो. प्रकल्पाच्या मानाने ही किरकोळ गोष्ट आहे. पण नकाशावर ती आधी काढलेली असावी लागते, नंतर जागा कुठून आणणार?

एक न्यायाची गोष्टही सांगितली पाहिजे. ऊर्जा प्रकल्प आला म्हणून शहराचा कचरा वाढत नाही. मोशीचा किंवा पाथर्डीचा प्रकल्प जुन्या डेपोच्या जागेतच उभा आहे. तिथे गाड्या आधीपासून येतच होत्या. तिथे 'प्रकल्पामुळे वाढलेली वाहतूक' म्हणजे फक्त फरक मोजायचा. नव्या जागेवर प्रकल्प काढला तर मात्र ती सगळी वाहतूक नव्या रस्त्यावर येते. आपल्याकडे वाद घालताना या दोन गोष्टींची हमखास गल्लत होते, दोन्ही बाजूंकडून.

फरक शून्य मात्र नसतो. कचरा वेगळा करायचा म्हटलं की गाडीही वेगळी लागते. पूर्वी हॉटेलचा सगळा कचरा एकाच गाडीत जायचा. आता ओला कुजवायला, सुका दुसरीकडे. दोन गाड्या, दोन्ही अर्ध्या रिकाम्या. जाळणाऱ्या प्रकल्पात तर राखही परत बाहेर न्यावी लागते. आलेल्या वजनाच्या पाव हिस्सा धरली तर ३०० टनांमागे ७५ टन. ही गाडी कोणाच्याच डोक्यात नसते. वेगळं करणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही (आमच्या मॅडम हे वाचणार आहेत!), पण त्याच्या खेपा मोजल्या पाहिजेत.

नाशिकला या सगळ्यावर एक खास परीक्षा असते, सिंहस्थाची. २०१५ ला पर्वणीच्या दिवशी गावात गाड्या कशा अडवल्या होत्या ते इथल्या जुन्या माणसांना विचारा. रस्ते बंद आणि कचरा मात्र कित्येक पट, दोन्ही एकाच दिवशी. पंचवटीतून भरलेली गाडी महामार्गाने पाथर्डीकडे निघाली तर तिला उड्डाणपूल तरी आहे, द्वारका खालून जाईल. पण द्वारकेच्याच आजूबाजूच्या हॉटेलांचा ओला कचरा उचलणाऱ्या गाडीला खालीच थांबत थांबत जावं लागतं. २०२७ च्या सिंहस्थाचं नियोजन करणाऱ्यांनी त्या दिवसांत ओला कचरा रात्रीपर्यंत कुठे ठेवायचा हे ठरवलं नाही तर प्रकल्प उपाशी आणि चौक तुडुंब, असं व्हायला वेळ लागणार नाही. टाकीतले जिवाणू दोन दिवस उपाशी राहिले की रुसतात, गॅस घटतो. हे मेसवाल्या मुलांना समजायला हरकत नाही.

सेमिनार संपला, ग्रेड बरी मिळाली, पण एक गोष्ट डोक्यात राहिली. आपल्या मेसचा ओला कचरा कुठे जातो? आणि किती वाजता?

मी मेसच्या मामांना विचारलं. त्यांनी हसून मागच्या दाराशी नेलं. निळे ड्रम, रोज टेम्पोत चढतात. समजा ४०० मुलं आणि प्रत्येकाने दिवसाला १०० ग्रॅम टाकलं (आपली वांग्याची भाजी लक्षात घेता हा आकडा कमीच आहे) तर ४० किलो नुसतं ताटातलं. स्वयंपाकघरातला भाजीपाला निराळा. टेम्पो सकाळी नऊच्या सुमारास निघतो, कारण भांडी घासून होतात तेव्हा नऊ वाजतात. जातो कुठून? द्वारकेवरून! टेम्पोवाले दादा म्हणाले, मला काय, सहाला म्हणाल तर सहाला येईन, उलट डिझेल वाचेल. आदल्या रात्रीचे ड्रम झाकण लावून ठेवले की झालं. झाकणांची मात्र अडचण होती. सहापैकी दोन ड्रमांना झाकणंच नव्हती आणि एकाला खाली चीर होती. त्या चिरेकडे बघून मी आणि पार्टनर बराच वेळ काही बोललो नाही.

मग आम्ही रेक्टर सरांकडे अर्ज घेऊन गेलो. अर्जात रांगेचं सूत्र लिहिलं होतं, १९ आणि ३६ सकट. सरांनी ते वाचलं नाही असा माझा संशय आहे, पण नवे ड्रम आले, झाकणं आली, आणि टेम्पोची वेळ सहा झाली.

आता रोज सकाळी पावणेसहाला ए ब्लॉकच्या खिडकीखाली टेम्पोचा रिव्हर्स हॉर्न वाजतो आणि ड्रम घरंगळत जातात. ए ब्लॉकवाल्यांचा अर्ज या आठवड्यात रेक्टर सरांकडे गेलाय. सह्या ४२ आहेत. त्यात पहिली सही माझ्या रूम पार्टनरची आहे.